रेडिओहेडचा 'किड ए' खरंच एवढा ग्रेट आहे का?

सहावी_तार:
मंडळी, रेडिओहेडच्या आधीच्या 'ओके कॉम्प्युटर' अल्बमची मी पारायणं केलीत, त्यातलं 'पॅरानॉइड अँड्रॉइड' गिटारवर बसवताना घाम निघाला होता. म्हणून 'किड ए' मोठ्या अपेक्षेने लावला तर तीन गिटारवाल्यांच्या बँडमध्ये गिटारच शोधावी लागतेय. पिचफोर्क या संगीत समीक्षेच्या साइटने तेव्हा १० पैकी १० दिले, रोलिंग स्टोनने २००९ मध्ये दशकातला सर्वोत्तम अल्बम ठरवला, आणि मी पहिल्याच गाण्यात गायक थॉम यॉर्कच्या आवाजाचे तुकडे ऐकून वैतागलोय. गुणगुणायला काही हातीच लागत नाही. समीक्षकांना यात नक्की काय ऐकू येतं? मनापासून विचारतोय.

जुनी_कॅसेट:
अरे समीक्षकांचं एकमत नव्हतंच. ऑक्टोबर २००० मध्ये आला तेव्हा मेलडी मेकर या ब्रिटिश संगीत साप्ताहिकाने पाचात दीड स्टार दिला होता, कादंबरीकार निक हॉर्नबीने न्यूयॉर्कर मासिकात चांगलाच झोडपला. त्याचा मुद्दा असा की एवढा धीर भक्तांकडेच असतो आणि माणूस पोटापाण्याला लागला की तो उरत नाही. मला हा मुद्दा आजही पटतो, दिवसभर राबून आलेल्या माणसाने गाणं मागितलं तर त्यात चूक काय? पण गंमत बघ, एकही सिंगल (वेगळं सुटं गाणं) काढलं नाही, नेहमीसारखे व्हिडिओ नाहीत, तरी अमेरिकेत थेट पहिल्या नंबरवर. म्हणजे वाद समीक्षक विरुद्ध श्रोते असा नव्हताच, दोन्हीकडे दोन्ही मतांचे लोक होते.

मात्रा_मोजणारी:
पहिलं गाणं हातावर टाळी देत ऐक. दहा मात्रांचं आवर्तन आहे. विभाग झपतालाचे नाहीत पण दहा मोजून परत पहिलीवर ये, मग ते तुकडे केलेले आवाज कुठे पडतात ते कळायला लागतं, मला तरी तिथूनच हा अल्बम उघडला. 'ओके कॉम्प्युटर'च्या दौऱ्यानंतर यॉर्क पार पिचला होता, त्याला चाल नकोशी झालेली, लय हवी होती, तेव्हा तो एफेक्स ट्विन, ऑटेकर असलं इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत होता. आणि याच अल्बममधलं 'इडियोटेक' बघ, बँडच्याच जॉनी ग्रीनवुडने तब्बल पन्नास मिनिटांचं काहीबाही रेकॉर्ड करून दिलं, त्यातला एक छोटासा भाग यॉर्कने उचलला. त्यातले ते चार कॉर्ड पॉल लान्स्कीच्या १९७३ च्या कॉम्प्युटर संगीतातले आहेत. हे नुसतं बटणं दाबणं नाही, एवढ्या ढिगातून नेमकं तेवढंच उचलायला कान लागतो!

ठाणे_लोकल:
कान लागतो हे मान्य, पण ज्यांनी ऑटेकर आधी ऐकलं होतं त्यांना यात नवीन काय होतं ते सांगा की. माझा आक्षेप अल्बमवर नाहीये, समीक्षकांवर आहे, त्यांनी गाण्यापेक्षा धाडसाला जास्त मार्क दिले. 'ट्रीफिंगर्स'सारखं बिनशब्दांचं तरंगतं गाणं दुसऱ्या कुठल्या बँडने टाकलं असतं तर सगळ्यांनी पुढे ढकललं असतं. शिवाय याच सेशन्समधून २००१ मध्ये 'अॅम्नेशियॅक' निघाला, त्यातलं 'पिरॅमिड साँग' मला या अख्ख्या अल्बमपेक्षा वर वाटतं आणि त्याचं नाव त्या मानाने कमीच निघतं.

जुनी_कॅसेट:
'पिरॅमिड साँग'बद्दल शंभर टक्के सहमत. पण @सहावी_तार, शेवटचं 'मोशन पिक्चर साउंडट्रॅक' सोडू नकोस. त्यात पायाने भाता मारायचा ऑर्गन आहे, आपल्या संगीत नाटकातल्या पायपेटीच्या जातीचा. हेडफोनवर ऐक, सुरामागचा तो श्वास ऐकू येतो. चाल पाहिजे म्हणालास ना, तिथे आहे.

सहावी_तार:
आत्ता टाळी देत ऐकलं, सातव्या मात्रेला दोनदा चुकलो पण मजा आली, आणि 'इडियोटेक' तर लागोपाठ परत लावलं. 'ट्रीफिंगर्स'बाबत मात्र ठाणेकरांच्या बाजूने. 'द नॅशनल अँथम'मधला ब्रास वाद्यांचा गोंधळ कुणाला आवडतो का? बेसलाइन एवढी भारी असताना त्यावर तो कशाला, हे कुणीतरी समजावा.