पाळेकर, फुकुओका की भास्करभाई? ३४ हापूस कलमांसाठी कोणाचं ऐकू?

वहाळाकाठची

नमस्कार मंडळी. दापोली तालुक्यात, समुद्रापासून दोनेक किलोमीटर आत आमची वाडी. वर कातळाला लागून हापूसची ३४ कलमं, खाली वहाळाकाठी (ओढ्याकाठी) पंधरा गुंठे भात, घरामागे छोटं आगर, म्हणजे नारळ-पोफळीची बाग. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं त्याआधी कलमं ५१ होती, आणि पोफळी (सुपारीची झाडं) मोजायचं कधी कोणी मनावर घेतलं नव्हतं. वादळानंतर बाबांनी उरलेली बाग खंडाने, म्हणजे ठराविक रकमेच्या कराराने दिली. घेणाऱ्याने दरवर्षी बुंध्याशी पॅक्लोब्युट्राझोल (वाढ रोखून मोहोर आणणारं रसायन) ओतलं, मोहोरावर फवारण्या तर किती केल्या ते त्यालाच माहीत. करार संपला तेव्हा फांद्यांची टोकं आखडलेली आणि पालवी मुठीत धरल्यासारखी.

डोंबिवलीची नोकरी सोडून गेल्या पाडव्याला मी इथे राहायला आले. विष नको एवढं पक्कं आहे. बाकी सगळा गोंधळ.

"झिरो बजेट" शेतीवाले पाळेकर गुरुजी म्हणतात गांडूळखत नको, कंपोस्ट नको, देशी गाईच्या शेण-गोमूत्राचं जीवामृत बास. अल्बर्ट हॉवर्ड १९२४ ते १९३१ इंदूरला होते, त्यांनी तर जगाला कंपोस्टच शिकवलं. नैसर्गिक शेतीवाले जपानचे फुकुओका म्हणतात नांगर नको, खत नको, तण उपटू नका, औषध मारू नका. रिजनरेटिव्हवाले म्हणतात जमीन उघडी ठेवू नका. आणि बाबा ओटीवर बसून म्हणतात, "आधी बांडगुळं काढ गो."

आणखी एक. बाबा दरवर्षी ऐन-किंजळाचं कवळ (पाल्याच्या फांद्या) तोडून राब भाजतात, म्हणजे रोपवाटिकेच्या जागेवर ते पसरून जाळतात, मग त्यावर भात पेरतात. मी म्हटलं हे जाळणं बंद करू, तर दोन दिवस बोलले नाहीत. कोणाचं ऐकू?

आंबापेटी

ताई, गुरू कोणताही धरा, फुलकिडी (थ्रिप्स) आल्या की सगळे गुरू सारखेच. रत्नागिरीत माझी दीडशे झाडं आहेत. एक हंगाम बिनऔषधाचा करून पाहिला, निम्मं फळ खरबरीत सालीचं निघालं. वाशीच्या दलालाला जीवामृताची गोष्ट सांगून दर मिळत नाही. हौस म्हणून चार झाडं करा, बाकीची खंडाने द्या.

पोफळीखाली

पुतणीच्या वयाची असशील, अगं-तुगं करतो. मी गुहागर तालुक्यातला, एसटीतून निवृत्त. पाऊण एकर आगर आणि कातळावर ६० कलमं.

आधी तुझ्या बाबांचं बोलणं घे. मला हे सांगणारं कोणी नव्हतं. २००९ साली पाळेकरांच्या शिबिराला जाऊन आलो, वर फुकुओका वाचले, आणि दोघांची माझ्या सोयीने खिचडी केली. डोक्यात राहिलं काय, तर काही करायचं नाही. आळशी माणसाला यापेक्षा काय हवं? वरच्या अंगाच्या १२ कलमांना तीन वर्षं कोयता लावला नाही. चौथ्या वर्षी त्यांच्यावर आंब्यापेक्षा बांडगुळाचाच पाला जास्त. तीन झाडं वाळली, सरपणाला गेली. बायको अजून चूल पेटवताना त्या शिबिराचं नाव घेते.

मग पुस्तक पुन्हा उघडलं. फुकुओकांनी स्वतः शिकोकू बेटावर वडिलांच्या संत्र्यांचं हेच केलं होतं. छाटणी बंद केली, फांद्या एकमेकींत अडकल्या, कीड पडली, झाडं मेली. त्यांनी लपवलेलं नाही, स्वच्छ लिहिलंय की ही नैसर्गिक शेती नव्हे, हे झाड वाऱ्यावर सोडणं झालं. माणसाचा हात एकदा लागला की तो अचानक काढून घेता येत नाही. आणि आपलं हापूस तर रायवळाच्या खुंटावर बांधलेलं, त्याचा जन्मच हाताचा. म्हणून बांडगूळ काढायचं, मेलेल्या फांद्या काढायच्या, आत ऊन पोचेल एवढी विरळणी करायची. आत अंधार आणि दमटपणा असला की तुडतुडे माजतात, हे आमच्या आजोबांनाही ठाऊक होतं आणि दापोलीचं कृषी विद्यापीठही तेच सांगतं.

आता जीवामृत. २०० लिटर पाणी, १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. सावलीत दोन दिवस ठेवायचं, ढवळत राहायचं, एका एकराला पुरतं. पाळेकर अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे. तिथला पाऊस आणि आपला पाऊस! आपल्याकडे चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या वर कोसळतो. आषाढात ओतलेलं जीवामृत वहाळाने थेट खाडीत. पहिली दोन वर्षं मी बेसन-गूळ घालून खेकडे पोसले. आता गणपती गेल्यावर सुरुवात करतो, घटस्थापनेपर्यंत दोन वेळा, मग थंडीत एकदा. तेव्हा मातीत ओल असते पण पाणी वाहत नसतं. यात मी त्यांना खोडतोय असं नाही. बीजामृत (बियाण्याला लावायचं), जीवामृत, आच्छादन आणि वाफसा हे त्यांचेच चार खांब, आणि वाफसा म्हणजे मुळांपाशी पाण्याबरोबर हवाही हवी. कोकणात तो भाद्रपदाच्या आधी कुठला?

"झिरो बजेट" शब्दावरून गावात माझी टिंगल व्हायची, बेसन काय फुकट मिळतं का म्हणून. त्यांचा हिशेब वेगळा आहे. मुख्य पिकाचा खर्च आंतरपिकातून निघाला पाहिजे, असा. माझ्याकडे तो केळी आणि मिरीच्या वेलांतून निघतो. कलमांमध्ये नाही, आगरात.

आच्छादनाची आणखी एक खोड ऐक. २०११ ला कलमांखाली गवत आणि पातेरा (वाळलेला पाला) गुडघाभर अंथरला. मार्चमध्ये शेजारच्या कातळावरून वणवा आला आणि त्या पातेऱ्यावरून पळत माझ्या बागेत शिरला. दोन कलमं उभी भाजली. शिवाय पातेरा बुंध्याला टेकवला होता, तिथे वाळवी. तेव्हापासून माघात गडग्याच्या (दगडी कुंपणाच्या) आतून सहा-सात हात रुंद पट्टा साफ करतो, आणि पातेरा बुंध्यापासून दोन हात लांब, फांद्यांच्या घेराखाली ठेवतो. अन्न खाणारी मुळं तिकडेच असतात.

हे लांब ठेवण्याचं मी तू विचारलेल्या भास्करभाईंच्या, म्हणजे भास्कर सावेंच्या बागेत शिकलो. घोलवडच्या पुढे उंबरगाव, तिथलं डेहरी गाव. पलीकडे गुजरात लागलं तरी वारा तोच, खारट माती तीच. सावे आधी प्राथमिक शिक्षक, सुरुवातीला रासायनिक शेतीचे आदर्श शेतकरी, खताची विक्रीही करायचे. खर्च वाढत गेला आणि माती थकत गेली, तेव्हा १९५० च्या दशकात उलटे फिरले. १४ एकरांचं ते कल्पवृक्ष, नारळ आणि चिकूचं. फुकुओका ते पाहून गेले आणि तोंड भरून बोलले. मी २०१२ ला गेलो. पाणी नारळाच्या बुंध्याशी नाही, दोन ओळींच्या मधल्या चरात. मुळं पाण्याकडे पसरतात, आणि झाड पाण्यात उभं राहत नाही. आपल्याकडे आळ्यात बादल्या ओततात, त्याच्या उलट. बाग एकदम लावायची नाही, अल्पजीवी, मध्यमजीवी, दीर्घजीवी झाडं एकमेकांच्या आधाराने लावायची, हेही त्यांचंच. २००६ साली त्यांनी कृषिशास्त्रज्ञ स्वामिनाथनांना उघडं पत्र लिहिलं होतं, हरितक्रांतीने मातीचं काय केलं याचा जाब विचारणारं. २०१५ ला गेले, ९३ वर्षांचे होऊन. कोकणातल्या माणसाला गुरूच हवा असेल तर मी डेहरीचं तिकीट काढ म्हणेन.

श्री. अ. दाभोलकरही वाच, कोल्हापूरचे, गणिताचे प्राध्यापक. त्यांच्या प्रयोग परिवारातले शेतकरी एकमेकांना आपापले प्रयोग सांगायचे, कोणी महाराज नव्हता. मी २०१३ पासून वही ठेवली ती त्यांच्यामुळे. कोणत्या कलमाला कधी पालवी, कधी मोहोर, कितव्या दिवशी गळ. पाच वर्षांनी कळलं की सात कलमं आड वर्षानेच धरतात. त्यांना मी आता त्रास देत नाही.

आंबापेटीसाहेब, फुलकिडींचं तुम्ही खोटं बोलत नाही. निळे चिकट सापळे लावतो, निंबोळी अर्क मारतो, तरी एखादं वर्ष हातचं जातं. गेल्याच्या गेल्या वर्षी माझ्या निम्म्या पेट्या कॅनिंगला गेल्या. फळमाशीला मात्र विद्यापीठाचे रक्षक सापळे पुरतात. पण खंडाने देण्याचा सल्ला या पोरीला नका देऊ. तिच्या झाडांची आताची अवस्था त्यानेच झालीय.

कुडाळची_वायंगणी

वहाळाकाठची, कलमांबद्दल काकांनी सांगितलंच. मी भाताचं सांगते, कारण या सगळ्या चर्चांत भात कोपऱ्यात बसतो. तुमच्या वाडीत जुनं बियाणं कोणाकडे आहे ते आधी शोधा. आमच्याकडे वालय, बेळा, मुणगा ही जुनी भातं. वालय माझ्या सासूने कणगीत जपलेलं. ती म्हणायची, "भात विकूचा, बी विकूचा नाय." राहीबाई पोपेरेंना २०२० ची पद्मश्री अशाच कामासाठी मिळाली, अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्यात घरात बियाणं जपलं म्हणून. त्यांचा सत्कार झाला तेव्हा आमच्याकडे दोन बायकांनी जुन्या कणग्या झाडून पाहिल्या, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

सेंद्रियच्या सर्टिफिकेटच्या मागे लगेच धावू नका. परदेशी पाठवायचं तर एनपीओपीचं (केंद्राच्या सेंद्रिय कार्यक्रमाचं) लागतं, फळबागेला रूपांतराची तीन वर्षं धरतात. इथल्या इथे विकायचं तर पीजीएस, म्हणजे शेतकऱ्यांच्या गटाने दिलेलं प्रमाणपत्र पुरतं. पाच शेतकऱ्यांचा गट करायचा आणि एकमेकांची शेतं आपणच तपासायची. आमच्या गटात सात जण आहोत. एकाने गुपचूप युरिया टाकला तो आम्हीच पकडला, भाताचा रंग बघून! नातेवाईक असल्यामुळे लग्नात अजून अवघडल्यासारखं होतं.

वहाळाकाठची

काका, तुम्ही चूल पेटवतानाचं सांगितलंत ते बाबांना वाचून दाखवलं. हसले. आज सकाळी शिडी आणि आकडी घेऊन आम्ही दोघं कलमांवर होतो, सहा झाडं झाली. एका झाडावरून तर पोतंभर बांडगूळ निघालं. आंबापेटी, दहा झाडांचा वेगळा हिशेब ठेवते आणि हंगामानंतर इथेच आकडे टाकते, हसायला या.

राबाचं मात्र कोणीच बोललं नाही. आणि गाय नाही माझ्याकडे, शेजारच्या आजींची एक कोकण कपिला आहे, छोटीशी.

पोफळीखाली

कपिला एक असली तरी ३४ कलमांना भरपूर. आजींना शेणाचे पैसे देऊ नकोस, त्या घ्यायच्या नाहीत. वैरण दे.

राबाबद्दल तुझ्या बाबांशी भांडू नकोस. ते गंमत म्हणून जाळत नाहीत. भाजल्याने तणाचं बी मरतं, राख मिळते, रोप जोमदार येतं. पण त्यासाठी ऐन-किंजळ दरवर्षी बोडके होतात, आणि तोच पाला जमिनीत गेला असता तर जास्त उपयोगी पडला असता. आमच्याकडे चारसूत्री पद्धतीच्या भातलागवडीतली पहिली दोन सूत्रं घेतली. रोपवाटिकेत भाताच्या तुसाची राख मिसळायची आणि चिखलणीच्या वेळी गिरीपुष्पाचा (ग्लिरिसिडियाचा) कोवळा पाला गाडायचा. चौथं सूत्र युरिया-डीएपीच्या गोळ्यांचं, ते सोडलं. पहिल्या वर्षी उतारा थोडा कमी आला. तण मात्र खरोखर जास्त येतं, हे बाबांना आधीच कबूल करून टाक. यंदा अर्धा राब त्यांच्या पद्धतीने भाजू दे, अर्धा तुझ्या पद्धतीने. तरव्याची (भाताच्या रोपांची) उंची बाबांनाच मोजायला सांग आणि वहीत त्यांच्याच अक्षरात लिहून घे.

गिरीपुष्पाच्या काठ्या मे महिन्यात तोडतो. मनगटाएवढ्या जाड, चार हात लांब, पहिल्या पावसाला बांधावर खुपसल्या की फुटतात. तुझ्या पंधरा गुंठ्यांच्या बांधाला पन्नासेक लागतील. घेऊन जा, टेम्पो तुझा. येताना बाबांना आण. वादळात त्यांच्या किती पोफळी गेल्या ते मला कोणी सांगितलेलं नाही, आणि माझ्या किती गेल्या ते मीही अजून कोणाला सांगितलेलं नाही.