मुंबई–नागपूर: अंतर सातशे किलोमीटरही नाही, मग विमानाला दीड तास का लागतो?

प्रश्न — कल्याणकर

पुढील महिन्यात आईला घेऊन नागपूरला जायचे आहे. मुंबई आणि नागपूर या विमानतळांमधील सरळ रेषेतील अंतर नकाशावर सुमारे 685 किलोमीटर भरते. जेट विमानाचा वेग ताशी 800 किलोमीटर धरला तर हा प्रवास पन्नास-बावन्न मिनिटांत व्हायला हवा, पण तिकिटावर दीड तासाच्या आसपासची वेळ दिसते. माझा हिशेब नेमका कोठे चुकतो? शिवाय आईचे गुडघे दुखतात आणि आम्ही कल्याणला राहतो, हे पाहता विमानाने जाण्यात खरोखर वेळ वाचेल का?

उत्तर — क्षितिज

गणित बरोबर आहे, गृहीतक चुकले आहे. तिकिटावरची वेळ ही हवेतल्या उड्डाणाची नसते. विमान मुंबईच्या गेटवरून हलल्यापासून नागपूरच्या गेटवर थांबेपर्यंतचा सारा काळ तीत धरलेला असतो. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदत असल्यामुळे एका वेळी साधारणपणे एकच वापरता येते, आणि गर्दीच्या वेळी विमानांना रांगेत उभे राहावे लागते. त्यातून बऱ्याचदा उड्डाण पश्चिमेकडे, समुद्राच्या दिशेने होते, म्हणजे नागपूरला निघालेले विमान आधी उलट्या दिशेला जाऊन मग वळते.

वेगाचेही तसेच आहे. दहा हजार फुटांखाली वेगावर साधारणतः 250 नॉट, म्हणजे ताशी सुमारे 460 किलोमीटर, अशी मर्यादा असते. पस्तीस हजार फुटांवरून उतरायचे असेल तर वैमानिक विमानतळापासून जवळजवळ दोनशे किलोमीटर अलीकडेच उतरण्यास सुरुवात करतो, आणि वर चढतानाही तेवढ्याच अंतराचा हिशेब ठेवावा लागतो. तेव्हा 685 पैकी पूर्ण वेगाने कापण्याजोगे अंतर जेमतेम तीनशे किलोमीटर उरते. त्या मार्गावर एटीआरसारखे पंख्याचे विमान असेल तर त्याचा वेगच ताशी पाचशेच्या आसपास असतो, म्हणून तिकीट काढताना विमानाचा प्रकारही पाहावा.

उत्तर — वारा_पश्चिमेचा

वरील उत्तरात एक भर घालतो. हिवाळ्यात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात, त्यामुळे नागपूरला जाताना ते पाठीशी असतात आणि परतताना समोरून येतात. ताशी शंभर किलोमीटरचा वारा असेल तर एवढ्या छोट्या अंतरावर जाण्या-येण्यात पाच-सात मिनिटांचा फरक पडतो. मुंबई–कोलकाता मार्गावर तो अधिक जाणवतो.

उत्तर — रात्रपाळी

मूळ प्रश्न घरापासून घरापर्यंतच्या वेळेचा आहे, असे मला वाटते. कल्याणहून मुंबई विमानतळ गाठण्यास वाहतुकीनुसार दीड ते दोन तास धरा, चेक-इन व तपासणीसाठी आणखी दीड तास, नंतर विमानाचा दीड तास, आणि उतरल्यावर सामान घेऊन घरी पोहोचण्यास पाऊण तास. म्हणजे साडेपाच तासांच्या आसपास गेले. समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा आहे आणि भिवंडीजवळच्या आमणे येथे, म्हणजे तुमच्या जवळच, सुरू होतो. तो आठ तासांत पार करता येतो असे सांगतात, पण दुखऱ्या गुडघ्यांनी सलग आठ तास मोटारीत बसणे मला तरी रास्त वाटत नाही. रेल्वेने मुंबई–नागपूर हे अंतर 837 किलोमीटर पडते. विदर्भ एक्सप्रेस रात्रभर चालते आणि कल्याणला थांबते, तेव्हा आईंना झोपून जाता येईल. खालचा बर्थ मात्र आधीच घ्यावा.

विमानाने जायचे ठरल्यास तिकीट काढतानाच व्हीलचेअरची मागणी नोंदवा, कारण तपासणीपासून गेटपर्यंतचे चालणे ज्येष्ठांना फार पडते.

कल्याणकर

सर्वांचे आभार. आईला विचारले, तर तिला रात्रीच्या गाडीत झोप लागत नाही असे कळले. त्यामुळे जाताना सकाळचे विमान घेऊ आणि व्हीलचेअर आजच नोंदवतो. येताना बहीण सोबत असेल, तेव्हा विदर्भ एक्सप्रेसचा खालचा बर्थ मिळतो का ते पाहतो.