पुठ्ठ्याचं अमूर्त उठावचित्र: तुकडे आधीच कापून द्यावेत का?

धागाकर्ता: पहिली ते चौथीच्या वर्गात खोक्याच्या पुठ्ठ्याचं अमूर्त उठावचित्र (तुकडे थरावर थर चिकटवलेलं, ओळखीच्या वस्तू नसलेलं) करायचं तर तुकडे शिक्षकांनीच कापून ठेवावेत. तीन थरांच्या पुठ्ठ्यावर बोथट कात्री नुसती चावते, पन्हाळ्या (आतल्या कागदाच्या लाटा) चेपतात, अर्धा तास कापण्यातच जातो. २५ × २५ सेंमीचा तळ, मुलामागे १५-२० तुकडे, पांढरा गोंद. शिकवायची आहे ती रचना, कात्रीकाम नव्हे.

खरखरीत: तयार त्रिकोण-चौकोन हातात पडले की दहा मिनिटांत घर आणि सूर्य तयार! मग अमूर्त उरलं कुठे? कात्री चावते कारण ती पन्हाळ्यांना आडवी चालवतात. समांतर चालवा, बरीच सोपी जाते. शिवाय फाडू द्या. वरच्या कागदावर ओला स्पंज फिरवून दोनेक मिनिटांनी सोला, आतल्या लाटा उघड्या पडतात. हा पोत कापून देता येत नाही.

धागाकर्ता: आणि ओल जास्त झाली की थर सुटून लगदा होतो, तेही लिहा. तळ पापडासारखा वाकतो तो वेगळाच.

काटकोन: लगदा होतो हे खरं. थर बहुधा स्टार्चच्या गोंदाने जोडलेले असतात, पाण्याने तो सुटणारच. म्हणून स्पंज घट्ट पिळलेला हवा आणि सोललेला तुकडा वाळल्यावरच चिकटवावा. वाकण्याचं खापर मात्र सोलण्यावर नको. एकाच बाजूला गोंद थापला की तेवढाच कागद भिजून फुगतो, वाळताना आकसतो. तळाला दोन पुठ्ठे घ्या, पन्हाळ्या एकमेकींना काटकोनात, गोंद ब्रशने पातळ, रात्रभर वह्यांच्या गठ्ठ्याखाली. कापण्याबाबत मी तुम्हा दोघांच्या मधे: कटर मोठ्यांकडेच, पण त्यांनी फक्त पट्ट्या पाडाव्यात. पुढचं मुलांचं.

खरखरीत: पट्ट्या चालतील. शेवटी सगळ्यावर एकच रंग फासू नका म्हणजे झालं.

धागाकर्ता: का नको? शिल्पकार लुईझ नेव्हलसन लाकडाचे टाकाऊ तुकडे जोडून सगळं काळं करायची, म्हणून तर सावल्या दिसतात. खोक्यावरची छपाईही झाकली जाते.

खरखरीत: छपाईची अर्धी अक्षरं हीच तर गंमत! पिकासोने १९१२ मध्ये पुठ्ठा आणि दोरा जोडून गिटार केली, पुठ्ठा पुठ्ठ्यासारखाच ठेवून.

काटकोन: गिटार केली ना? मग अमूर्त कसली! आणि चकचकीत छपाईवर पाण्याचा रंग धरतच नाही, थेंब थेंब होऊन ओघळतो. ती बाजू खाली ठेवा, नाहीतर उघडी सोडा.