माँट्रेसॉरचा सूड फसला, असं माझं मत आहे

पारावरचा मुंजा
एडगर ॲलन पोची ‘द कास्क ऑफ अमोंटिलाडो’ (१८४६) परवा पुन्हा वाचली. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी: इटलीतलं एक शहर, कार्निव्हलची धामधूम, तिन्हीसांजेची वेळ. माँट्रेसॉर नावाचा खानदानी गृहस्थ अपमानाचा सूड म्हणून फॉर्च्युनाटो या ओळखीच्या माणसाला अमोंटिलाडो या उंची दारूचं पिंप पारखायला म्हणून वाड्याखालच्या तळघरात नेतो. तिथे घराण्यातल्या पूर्वजांची हाडं रचून ठेवलेली. एका कोनाड्यात त्याला साखळीने जखडतो आणि समोर भिंत बांधून जिवंत चिणतो. बस, एवढीच गोष्ट.

सगळे याला ‘अचूक सूड’ म्हणतात. मला ते पटत नाही. माँट्रेसॉरने सुरुवातीलाच स्वतःला दोन अटी घातल्यात. सूड उगवणाऱ्याला त्याची शिक्षा होता कामा नये, आणि ज्याच्यावर उगवला त्याला हा सूड आहे आणि तो कोण उगवतंय हे कळलं पाहिजे. पहिली पाळली, मान्य. पण दुसरी? फॉर्च्युनाटो दारूच्या अमलात आत शिरतो, भिंत जवळजवळ पुरी होत आली तरी ‘काय झकास थट्टा केलीत’ म्हणून हसतो, बायको नि मंडळी वाट बघत असतील, चला आता, म्हणतो. ‘तू अमुक केलंस, त्याचं हे फळ’ असं माँट्रेसॉर एकदाही बोलत नाही. मग सूड पोचला कुणाला?

काडीमास्तर
माणूस भिंतीत गेला, साहेब, आणि तुम्ही म्हणताय सूड फसला. फॉर्च्युनाटोचं मत घ्या एकदा.

रात्रपाळी
साफ असहमत. ‘कोण’ आणि ‘का’ यांची तुम्ही गल्लत करताय. कारण सांगितलंच पाहिजे असं त्या अटीत कुठे आहे? थट्टेचं हसू ओसरल्यावर फॉर्च्युनाटो ओरडतो, ‘देवासाठी तरी, माँट्रेसॉर!’ अख्ख्या कथेत तो याला नावाने हाक मारतो ती एवढीच. त्याच्या डोक्यात सगळं लख्ख झालंय. आणि माँट्रेसॉर काय म्हणतो? ‘हो, देवासाठी!’ तेच शब्द उलटे तोंडावर फेकतो. याहून जास्त काय कळवायचं? नोटीस बजावायची का?

दारू उतरल्याचंही पोने आधीच सांगून ठेवलंय. पहिला थर लागतो न लागतो तोच आतून कण्हणं ऐकू येतं, आणि ते दारुड्याचं नाही असं माँट्रेसॉर स्वतःच म्हणतो. चौथ्या थरानंतर साखळी खणाणायला लागते. तेव्हा हा पठ्ठ्या काम थांबवतो आणि नीट ऐकता यावं म्हणून हाडांच्या ढिगावर बसतो. आवाज थांबला की उठून पुन्हा थापी हातात. ज्याचा सूड फसतोय तो असा चवीने बसेल?

मधली आळी
फॉर्च्युनाटोची फार कीव करू नका. दारूतला दर्दी म्हणून मिरवतो आणि म्हणे लुक्रेसीला (हा दुसरा दारूपारखी) अमोंटिलाडो आणि शेरीतला फरक कळत नाही. अहो, अमोंटिलाडो हीच मुळी एक जातीची शेरी! वाटेत दिलेली ‘द ग्राव’ची बाटली एका दमात रिकामी करतो. दर्दी माणूस असं पितो का? माँट्रेसॉरने ही नस बरोबर पकडली. ‘ओल फार आहे, तुम्हाला खोकला आहे, परत जाऊ या, लुक्रेसीला विचारतो’ असं म्हणायचा अवकाश, की गडी आणखी पुढे. नोकरांचंही तेच. ‘मी सकाळपर्यंत येणार नाही, घर सोडून हलायचं नाही’ अशी तंबी दिली, म्हणजे पाठ वळताच सगळे पसार होणार याची खात्री. माणसं इतकी ओळखणाऱ्याचा डाव फसत नसतो.

पारावरचा मुंजा
@रात्रपाळी, तुम्ही एक थर आधीच थांबलात. त्या हाकेनंतर काय होतं? माँट्रेसॉर ‘फॉर्च्युनाटो!’ अशी हाक देतो. उत्तर नाही. पुन्हा देतो. तरी नाही. मग उरलेल्या फटीतून मशाल आत टाकतो, तर नुसती फॉर्च्युनाटोच्या कार्निव्हलच्या विदूषकी टोपीची घुंगरं किणकिणतात. समाधान झालेला माणूस दोनदा हाका कशाला मारेल? त्याला हवा होता तो शब्द मिळालाच नाही. त्यानंतर काळीज कसनुसं झालं म्हणतो आणि लगेच खुलासा, ‘तळघरातल्या ओलीमुळे.’ ओल तर पहिल्यापासून होती, काळजाला तेव्हाच बरी लागली.

शेंडीला गाठ
दोघंही एक गोष्ट सोडताय. हे तो पन्नास वर्षांनी सांगतोय, आणि ज्याला सांगतोय त्याला ‘माझा स्वभाव तुम्ही पुरता ओळखता’ म्हणतोय. हा श्रोता पाद्री असावा असं बरेच जण मानतात. तसं असेल तर हा मरणाच्या दारातला कबुलीजबाब आहे. पन्नास वर्षं जो विसरू शकला नाही त्याची पहिली अटही बुडाली.

रात्रपाळी
कबुलीत पश्चात्ताप लागतो. इथे बाटल्यांची नावं, भिंतीचे अकरा थर, कोनाड्याची लांबीरुंदी, सगळं जसंच्या तसं. याला आमच्याकडे फुशारकी म्हणतात.

मधली आळी
थोडं बाहेरचं: पो आणि टॉमस डन इंग्लिश या लेखकाचं हाडवैर होतं. इंग्लिशचे आरोप न्यूयॉर्कच्या ‘मिरर’ या वृत्तपत्राने छापले, पोने त्या वृत्तपत्रावर दावा लावला आणि १८४७च्या फेब्रुवारीत २२५ डॉलर मिळवले. कथा त्याआधी, नोव्हेंबर १८४६ची. दावा चालू असताना लिहिलेला सूड आहे हा.

पारावरचा मुंजा
माहिती चांगली, पण त्याने माँट्रेसॉरची बाजू सुधारत नाही. कोर्टात आरोप निदान सांगावा तरी लागतो. इथे ‘हजार इजा’ सोसल्या एवढंच, त्यातली एकही सांगत नाही. मला तर शंका येते, फॉर्च्युनाटोने काही केलंच नसेल. ‘तुम्ही श्रीमंत, मानाचे, सुखी, मीही एकेकाळी होतो’ हे वाक्य पाहा. हा मत्सर आहे.

रात्रपाळी
मग घराण्याचं चिन्ह आठवा. निळ्या जमिनीवर सोनेरी पाऊल सापाला चिरडतंय आणि सापाचे दात टाचेत रुतलेत. ब्रीद काय, तर मला डिवचणाऱ्याची गय नाही. इतका डूख धरणाऱ्या घराण्यात मत्सर की अपमान, हा प्रश्न कोण विचारतो?

पारावरचा मुंजा
त्या चित्रात माँट्रेसॉर पाऊल आहे की साप? साप असेल तर तोही चिरडलाच जातोय.

काडीमास्तर
आणि पाऊल असेल तर विष चढायला पन्नास वर्षं लागली म्हणायची. चालू द्या, मी पॉपकॉर्न घेऊन बसलोय.