गायतोंडे यांची चित्रे पाहावीत कशी?

जिज्ञासू: वासुदेव गायतोंडे यांच्या चित्रांत झाड, माणूस, घर असे काहीच सापडत नसल्यामुळे, रंग आवडूनही पुढे नेमके काय पाहायचे हे कळत नाही. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

रंगरेषा: आपण वस्तू शोधता आहात, घोडे तिथेच अडते. गायतोंडे स्वतः आपल्या चित्रांना अमूर्तसुद्धा म्हणत नसत. 'नॉन-ऑब्जेक्टिव्ह' (म्हणजे कोणत्याही वस्तूवर न बेतलेले) हा शब्द त्यांना मान्य होता. आधी लांबून पाहावे, मग जवळ जाऊन पृष्ठभाग न्याहाळावा: रोलरने पसरलेला, पॅलेट नाइफने खरवडलेला रंग कुठे पातळ होऊन खालचा थर दाखवतो आणि कुठे साचून राहतो, हे दिसू लागले की नजर आपोआप रेंगाळते. छापील प्रतिकृतीत यातले फारच थोडे उतरते.

प्रेक्षक: सहमत, मात्र केवळ तंत्र न्याहाळून आनंद मिळेलच असे नाही. १९४८ मध्ये जे. जे. स्कूलमधून पदविका घेतलेल्या या चित्रकाराच्या सुरुवातीच्या कामात आकृती आहेत आणि स्विस-जर्मन चित्रकार पॉल क्ले यांचा प्रभावही जाणवतो. ती चित्रे आधी पाहिल्यास आकृती हळूहळू कशी विरत गेली, हे उमगते.

जिज्ञासू: आभारी आहे. बहुतेक चित्रांना शीर्षकही नाही, त्यामुळे अधिकच अडखळायला होते.

रंगरेषा: शीर्षक असते, तर आपण चित्राऐवजी तेच वाचत बसलो असतो (दालनात बहुतेक जण तेच करतात).