इंग्लंडच्या जुन्या शेतघरात धूर जायचा कुठून?

माळवदकर: बेलीफ नावाच्या पंधराव्या शतकातल्या इंग्लिश शेतघराचे फोटो बघतोय. मधल्या दालनात जमिनीवरच चूल, धुराडं नाहीच! आमच्या मोहोळकडच्या माळवदाला निदान सवणं, म्हणजे छतातलं धूर-उजेडाचं भोक, तरी होतं. इथं बायका जगायच्या कशा?

लाकूडवाला: दालनाला मधला मजला नाही, थेट छपरापर्यंत उघडं. धूर वर चढतो, कौलांच्या फटींतून निघतो. म्हणून अशा घरांचे वासे काजळीनं काळेभोर. पुढं कुणी मजला घातला तरी वासे चुगली करतातच. विटांची धुराडी शेतकऱ्यांकडं सोळाव्या शतकात रुळली.

माळवदकर: आणि भिंती?

लाकूडवाला: ओकचा सांगाडा, लाकडी खुंट्यांनी जोडलेला. मधे कूड, त्यावर माती, गवत आणि शेण. हो, शेणच! खिडक्यांना काच नाही.

उजनीकाठ: हे घर मूळ केंटमधलं. बाऊ बीच जलाशयासाठी सुटं करून ससेक्सच्या संग्रहालयात उभारलं. आमची करमाळ्याकडची माळवदं उजनी धरणाच्या पाण्यात गेली, दगडमातीची घरं कोण उचलणार? पण दादा, परत जोडताना कुठलं लाकूड कुठं, कळतं कसं?

लाकूडवाला: जुने सुतार सांध्यांवर रोमन आकड्यांसारख्या खाचा मारायचे. जोडीचे आकडे जुळवायचे, खुंटी ठोकायची.