मदत हवी आहे: उन्हाळ्यात गुराबीच्या लाकडी मॉडेलच्या पट्ट्या फाकल्या, उकलू की बुजवू?

नमस्कार मंडळी. मी परभणीचा. मे महिन्यात इथं विहिरीचा तळ दिसतो आणि मी घरात जहाज बांधतोय, त्यावरून गल्लीत व्हायची ती चेष्टा होऊन गेली आहे. 'नाथसागरात सोडणार का?' हे कृपया इथं कुणी विचारू नये.

गेल्या पावसाळ्यात लाकडी गुराब, म्हणजे मराठा आरमारातल्या लढाऊ जहाजाचं छोटं मॉडेल, करायला घेतली. १७२० च्या आसपासची, कान्होजी आंग्र्यांच्या आरमारात असायची तशी. दोन डोलकाठ्या, लांबी सव्वादोन फूट. गुराबच का, तर तिची नाळ, म्हणजे जहाजाचं पुढचं टोक. ती निमुळती होत लांब पुढं निघते आणि तिच्यावरून थेट समोर मारा करायला पुढच्या अंगाला दोन तोफा असत. तळ उथळ, त्यामुळं खाडीत शिरायला सोपी. ही नाळच मला नडली.

प्लायवूडचा कणा, त्यावर तेरा फासळ्या, वरून सागाच्या पट्ट्या, ५ मिमी रुंद आणि दीड मिमी जाड. साग एका पाडलेल्या वाड्याच्या चौकटीचा, सुतारमामांनी चिरून दिलेला. नाळेजवळ पट्टी वाकवावी लागते आणि पिळावीही लागते. कोरडी वाकवली की कट्‌कन मोडते. म्हणून उकळत्या पाण्यात पाऊण तास ठेवायचो आणि ओली असतानाच बसवायचो. खालून फेविकॉल, वरून आईचे कपडे वाळत घालायचे चिमटे. डावीकडं एक पट्टी लावली की लगेच उजवीकडं एक. पहिला सांगाडा केळ्यासारखा वाकल्यावर हे शहाणपण आलं.

पट्ट्या सुकल्यावर नाळेकडं केसाएवढ्या फटी दिसल्या होत्या. त्यात सागाचाच भुसा फेविकॉलमध्ये कालवून भरला आणि पॉलिश पेपर मारला. दिवाळीत हात फिरवला तर सांधा लागत नव्हता. मी खूश.

एप्रिलात पारा ४२ वर गेला आणि एका रात्री टक् असा आवाज झाला. मला वाटलं पाल (भिंतीवरची, आरमारातलं त्या नावाचं जहाज नव्हे). सकाळी बघतो तर नाळेपासून चौथ्या फासळीपर्यंत भुसा सुटलेला, आणि फटीत लग्नपत्रिकेचा जाड कागद सरळ आत गेला. आज अशा अकरा फटी आहेत, सगळ्या पुढच्या अर्ध्यात. मागं पट्ट्या जवळपास सरळ जातात म्हणून कोरड्याच लावल्या होत्या, तिथं मात्र काही नाही.

सुतारमामा म्हणाले, "लाकूड कच्चं ऱ्हायलं असंल." इतकी वर्षं चौकटीत उभं राहिलेलं लाकूड कच्चं कसं राहील? पण वाद घातला नाही, पुढच्या पट्ट्याही त्यांच्याकडूनच चिरून घ्यायच्या आहेत. माझा अंदाज वेगळा आहे. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत हलतं. ओल्या, फुगलेल्या पट्ट्या मी चिकटवल्या, त्या आटल्या, आणि भुशाचं ठिगळ उन्हाळ्यात टिकलं नाही. त्यात जहाज ठेवलेलं कूलरसमोरच्या फळीवर. दुपारभर दमट वारा, लाईट गेली की भट्टी.

आता खरी अडचण. फटी आत्ताच भरल्या, तर जुलैत लाकूड फुगल्यावर भरलेला माल बाहेर ढकलला जाईल ना? की एखादा चांगला पाऊस होऊ द्यावा आणि फटी आपोआप मिटतील तेवढ्या मिटल्यावर उरलेल्यांत लाकडाच्या बारीक खपल्या बसवाव्यात? तिसरा मार्ग म्हणजे पुढचा अर्धा भाग उकलायचा, पट्ट्या वाकवून सांगाड्यावरच रात्रभर सुकवायच्या आणि मगच चिकटवायच्या. स्पिरिट लावल्यावर सुकलेला फेविकॉल मऊ पडतो म्हणतात, पण सागाचा रंग बिघडतो का? आणि आतून पातळ वार्निशचा हात मारला, तर ही फुगाफुगी किती आवरते?

कोकणातल्या मंडळींनी जरूर सांगावं, पण तुमच्याकडं हवा बारा महिने दमट. सोलापूर, नागपूर, जालना अशा कोरड्या भागात कुणी पट्ट्यांचं जहाज केलं असेल, तर त्यांचा अनुभव मला जास्त हवा आहे.

तोवर गुराब कूलरसमोरून हलवून लोखंडी कपाटात ठेवली आहे. हवा फार कोरडी पडू नये म्हणून शेजारी पाण्याची वाटी. आई रोज विचारते, ते पाणी कुणाला ठेवलंस?